कमाटी बाग आणि तिचे महाराज

बडोद्यास पाहुणा आला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यास कमाटी बागेत न्यायचे, हा आपल्याकडील जुन्या घरांतून चालत आलेला शिरस्ता आहे. काळ्या घोड्याजवळच्या फाटकातून आत शिरायचे, बँडस्टँडपाशी क्षणभर टेकायचे, मुले प्राण्यांच्या पिंजऱ्यांकडे ओढू लागली की मोठ्यांनी म्युझियमची वाट धरायची, आणि घरी परतताना पाहुण्यास सांगायचे की ही सारी सयाजीराव महाराजांची कृपा. पाहुणा मान डोलावतो. सांगणाऱ्यालाही बरे वाटते. मात्र बाग घातली ते वर्ष आणि महाराजांचे वय यांचा मेळ सहसा कुणी घालून पाहत नाही. बाग १८७९ सालची. महाराजांचा जन्म ११ मार्च १८६३ चा. म्हणजे बागेची आखणी झाली तेव्हा ते सोळा वर्षांचे होते, इलियटसाहेबांपाशी धडे गिरवीत होते, आणि राज्याची मुखत्यारी दिवाण सर टी. माधवराव यांच्या हाती होती. बागेचा आरंभ त्या दिवाणांच्या खाती मांडणे न्यायाचे होईल. महाराजांच्या खाती मांडायचे ते त्यानंतरच्या साठ वर्षांतले. आणि ते बागेच्या आसपासचेच घेतले तरी त्यांचे सबंध आयुष्य डोळ्यांपुढून जाते.

नाशिक जिल्ह्यात मालेगावकडे कवळाणे नावाचे खेडे आहे. गायकवाड घराण्याची एक दूरची शाखा तेथे शेती करून राहत असे. काशीराव गायकवाडांचा मुलगा गोपाळराव बारा वर्षांचा होईपर्यंत त्याच मातीत वाढला. अक्षरओळख म्हणावी अशी नव्हती. इकडे बडोद्यास मल्हाररावांची कारकीर्द १८७५ च्या एप्रिलमध्ये पदच्युतीत संपली आणि खंडेरावांच्या विधवा महाराणी जमनाबाई यांस दत्तक घेण्याची परवानगी इंग्रज सरकारने दिली. घराण्यातील मुलांचा शोध सुरू झाला व कवळाण्याहून तीन मुले बडोद्यास आणली गेली. कशासाठी आलात असे विचारल्यावर एकाने बडोदे पाहायला आलो असे सांगितले आणि गोपाळने राज्य करायला आलो असे सांगितले, ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी आजीच्या मांडीवर ऐकली आहे. ती जशीच्या तशी घडली की मागाहून रंगली, याचा वाद घालण्यात अर्थ नाही. २७ मे १८७५ रोजी गोपाळरावांचे दत्तविधान झाले आणि ते तिसरे सयाजीराव झाले. बडोदे पाहण्याची हौस मात्र त्यांनाही पुढे जन्मभर पुरली. फक्त त्यांना ते पाहण्यापूर्वी घडवावे लागले.

त्या काळी पाहुण्याने बडोद्यात पाहायचे ते काय? सुरसागर तलाव होता, मांडवी होती, खंडेरावांच्या जवाहिरखान्याची कीर्ती होती. पण परमुलखाचा पाहुणा यायचा तो अगडात हत्तींची साठमारी पाहायला. चारी बाजूंनी भिंत घातलेल्या त्या मैदानात मस्तीला आलेले हत्ती समोरासमोर सोडीत. साठमार हातात कापड व भाले घेऊन त्यांना डिवचीत आणि हत्ती अंगावर आला की भिंतीतल्या अरुंद दारांतून निसटून जात. हत्तीला त्या दारातून शिरता येत नसे, माणसाला येई. सारा खेळ त्या एका हाताच्या रुंदीवर उभा होता. कधी कधी माणूस दारापर्यंत पोहोचत नसे. खंडेरावांच्या वेळी या खेळाचा दिमाख कळसाला गेला होता आणि युरोपातले प्रवासी त्याची वर्णने लिहून नेत.

नव्या महाराजांच्या वाट्याला आलेला पहिला मोठा पाहुणचारही अगडातलाच. १८७५ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडचे युवराज, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड बादशहा, हिंदुस्थानच्या दौऱ्यात बडोद्यास आले. त्यांच्या स्वागताला बारा वर्षांचे सयाजीराव जडजवाहिरांनी लादलेले उभे होते, आणि युवराजांना हत्तींची झुंज दाखवण्यात आली. सहा महिन्यांपूर्वी गुरे आणि शेत यांत वावरणाऱ्या पोराला तो देखावा कसा वाटला असेल, याची कुठे नोंद नाही. एवढे मात्र दिसते, की आपल्या हयातीत त्यांनी या शहरात जे जे उभे केले त्यात नवे अगड नाही.

पुढची सहा वर्षे शिक्षणाची. इलियटसाहेब हे इंग्रज मुलकी खात्यातले. त्यांनी या मुलाला वर्णमालेपासून उचलले. मराठी, गुजराती, इंग्रजी, उर्दू, हिशेब, इतिहास, वर तालीम आणि घोडदौड. सकाळपासून संध्याकाळपर्यंत चाललेल्या त्या अभ्यासाने मुलाची प्रकृती कायमची नाजूक केली असे म्हणणारे होते, आणि त्यात तथ्य असावे. शेवटी शेवटी माधवरावांनी स्वतः राज्यकारभारावर व्याख्याने दिली. ती मायनर हिंट्स या नावाने छापलेली आहेत. राजाच्या हाती येणारा पैसा प्रजेचा आहे, तो स्वतःच्या चैनीच्या वहीत चढवायचा नाही, हा त्यांतला मुख्य सूर. सोन्याच्या तोफा ओतणाऱ्या दौलतीत तो धडा देणे आवश्यकच होते.

माधवरावांच्या कारभारात शहराला जी नवी रचना आली तिच्यातच ही बाग. स्टेशन आणि जुने गाव यांच्या मध्ये, विश्वामित्रीच्या काठावर, शंभराहून अधिक एकर जागा. नदीत मगरी, त्या आजही आहेत, आणि पावसाळ्यात नदी फुगली की रस्त्यावर येऊन नागरिकांची भेट घेतात. बडोदा कॉलेजही याच सुमारास उभे राहू लागले व १८८१ मध्ये सुरू झाले. आगगाडीतून उतरलेल्या परक्या माणसाला गावात शिरण्यापूर्वी कॉलेजचा घुमट आणि बागेची झाडी दिसावी, अशी ती मांडणी झाली. भिंतीआडचे अगड मागे पडले. लगेच बंद झाले असे नव्हे. पण शहराची ओळख तेथून हलली.

२८ डिसेंबर १८८१ रोजी महाराजांना पूर्ण अधिकार मिळाले. त्याआधी १८८० मध्ये तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला होता. बडोद्यास त्यांचे नाव चिमणाबाई झाले. त्याच सुमारास लक्ष्मीविलास राजवाड्याचे काम निघाले. मेजर मँट यांनी आराखडा केला, त्यांच्या मागे चिझम यांनी तो १८९० पर्यंत पुरा केला. पण ज्यांच्या नावाचा राजवाडा त्यांना तो पुरा झालेला पाहणे नशिबी नव्हते. १८८५ मध्ये क्षयाने चिमणाबाई गेल्या. त्या वेळी त्या विशीच्या उंबरठ्यावर होत्या. रावपुऱ्यातला घड्याळाचा मनोरा त्यांच्याच नावाचा. त्याच्याखालून आपण रोज जातो, पण त्या बाईंचे वय कुणाच्या मनात येत नाही. त्याच वर्षी महाराजांचा दुसरा विवाह देवासच्या गजराबाईंशी झाला. पडद्याबाहेर आलेल्या आणि स्त्रियांच्या प्रश्नांवर उघड बोलणाऱ्या दुसऱ्या चिमणाबाई त्या ह्याच.

बागा पाण्यावर जगतात, आणि बडोद्यात पाण्याचीच वाण होती. विहिरी आणि तलाव यांवर लाखभर वस्ती कशीबशी भागे. उन्हाळ्यात पाणी खाली जाई, पावसाळ्यात गढूळ होई आणि रोगराई येई. महाराजांचे खरे बागकाम येथे सुरू झाले असे मला वाटते, आणि ते शहरापासून पाच कोसांहून अधिक दूर, आजव्यास झाले. सूर्या नदीच्या बाजूस मातीचा लांबच लांब बांध घालून तलाव बांधण्याचे काम १८८५ मध्ये हाती घेतले गेले आणि १८९२ पर्यंत पाणी शहरात आले. तलाव शहराहून उंचावर, म्हणून पाणी नळांतून आपल्याच ओघाने खाली येते, ते ओढायला यंत्र लागले नाही. शिवाय तलावाची मापे त्या दिवसांच्या वस्तीला नव्हे, तिच्या कितीतरी पट वस्तीला पुरतील अशी ठेवली होती. शंभर वर्षे उलटल्यावरही शहर त्या तलावाचे पाणी प्यायले, ही गोष्ट कुठल्याही पुतळ्याहून मोठी. आजव्यास सहलीला जाणारे लोक कारंज्यांचे कौतुक करतात. बांधावर उभे राहून पाणी शहराकडे कसे जाते हे मुलांना दाखविणारा बाप विरळा.

पाणी आले तशी हिरवळ टिकू लागली. याच वर्षांत महाराज विलायतेच्या वाऱ्या करू लागले होते. पहिली १८८७ मध्ये. निद्रानाश आणि अंगदुखी यांनी ते हैराण होते व वैद्यांनी हवापालट सुचविला होता. त्यानंतर या वाऱ्या जन्मभर चालल्या. राजा परदेशात आणि प्रजा कारभाऱ्यांच्या हाती, अशी तक्रार गावात होती. सरकारही नाराज होते, आणि १९०० मध्ये लॉर्ड कर्झन यांनी संस्थानिकांच्या परदेशगमनावर जे परिपत्रक काढले त्याचा रोख बडोद्याकडे होता हे उघड गुपित होते. तक्रार अगदीच निराधार नव्हती. राजा वर्षाचे कितीतरी महिने दूर असला की हुकूम आणि अंमल यांत अंतर पडते, आणि ते बडोद्यात पडत होते. त्याचा एक प्रसंग पुढे येईलच. परंतु दुसरे अनेक संस्थानिक विलायतेहून घोडे आणि मोटारी आणीत, तेव्हा हे गृहस्थ माणसे आणीत, हेही नोंदले पाहिजे. क्यू येथील वनस्पतिबागेत तयार झालेले गोल्डरिंग राजवाड्याच्या बागा आखण्यासाठी आले. मागोमाग १८९३ मध्ये तेथूनच कृम्बीगल नावाचे तरुण जर्मन उद्यानतज्ज्ञ आले व बडोद्याच्या बागांची जबाबदारी त्यांनी घेतली. पुढे हेच गृहस्थ म्हैसूरकरांच्या नोकरीत गेले. बंगळूरच्या लालबागेस आणि त्या शहराच्या फुलणाऱ्या रस्त्यांस आज जी कीर्ती आहे तिच्यात त्यांचा हात मोठा. त्यांच्या हिंदुस्थानातील कामाची सुरुवात विश्वामित्रीच्या काठी झाली, हे बंगळूरकरांना सांगायला हरकत नाही.

बागेत नुसती झाडे ठेवून महाराजांचे समाधान होण्यासारखे नव्हते. फिरायला आलेल्या माणसाने जाताना काही शिकून जावे, असा त्यांचा मास्तरी बाणा होता. १८९४ मध्ये बागेतच म्युझियमची इमारत पुरी झाली. मूर्ती, नाणी, भुसा भरलेले प्राणी आणि खास आकर्षण म्हणून मिसर देशातली ममी. शेजारची चित्रशाळा १९०८ ते १९१४ या काळात बांधली गेली. तिच्यासाठी युरोपातील चित्रे निवडण्याचे काम लंडनचे कलासमीक्षक स्पिलमन यांच्याकडे दिले होते. तेवढ्यात महायुद्ध पेटले, चित्रे तिकडेच अडकली, आणि चित्रशाळेचे दार लोकांसाठी उघडायला १९२१ साल उजाडले. मुलांना सर्वांत आवडणारा देवमाशाचा सांगाडा मात्र महाराजांच्या पश्चातला आहे. १९४४ च्या वादळात तो मासा महीच्या मुखाशी वाहून आला होता.

शिक्षणाचे त्यांचे काम सर्वांस ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग, १९०६ मध्ये तो सर्व राज्यास लागू, १९१० पासून बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञाच्या देखरेखीखाली ग्रंथालयांचे जाळे. अस्पृश्य मानलेल्यांच्या मुलांसाठी शाळा तर अधिकार हाती येताच काढल्या होत्या. सवर्ण शिक्षक त्या शाळांत जायला तयार होत नसत, हीही नोंद तिच्याशेजारीच करून ठेवावी.

राज्यकारभाराच्या पंचवीस वर्षांचा उत्सव १९०७ मध्ये झाला, आणि त्या निमित्ताने डर्वेंट वुड या इंग्रज शिल्पकाराने केलेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा बागेच्या तोंडाशी उभा राहिला. लोकांनी त्याला लगोलग काळा घोडा म्हटले. वर स्वार कोण आहे याची फिकीर न करता घोड्यावरून चौकाला नाव पडले, आणि ते इतके रुजले की टांगेवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत साऱ्यांना दुसरे नाव ठाऊक नाही. घोड्यावरचा माणूस मात्र त्यानंतर एकेक घाव सोसत होता. १९०८ मध्ये थोरले युवराज फत्तेसिंहराव गेले, अवघ्या पंचविशीत. मागे काही महिन्यांचे प्रतापसिंहराव. १९११ च्या दिल्ली दरबारात मुजऱ्यावरून जे वादळ उठले ते सर्वश्रुत आहे. १९१९ मध्ये शिवाजीराव, १९२३ मध्ये जयसिंहराव. तीन तरुण मुलांच्या मागे राहिलेला बाप एवढ्या फायली कशा वाचीत बसे, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. कदाचित म्हणूनच बसत असेल.

आता तो प्रसंग. भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्यास महाराजांनी आधी मुंबईच्या कॉलेजासाठी महिना पंचवीस रुपये दिले, मग १९१३ मध्ये अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. बदल्यात बडोद्याची दहा वर्षे नोकरी करायची असा करार होता. करार पाळण्यासाठी १९१७ मध्ये आंबेडकर बडोद्यास आले, वय सव्वीस. त्यांना उतरून घ्यावे असा हुकूम होता, पण स्टेशनवर कुणी गेले नाही, असे चरित्रकार सांगतात. हिंदू खाणावळीत जागा मिळण्यासारखी नव्हती. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी पारशी नावाने खोली घेतली. दिवसा हुजूर कचेरीत काम. तेथे शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकीत. रात्री त्या रिकाम्या माडीवर एकट्याने दिव्यापाशी वाचीत बसायचे. अकराव्या दिवशी सकाळी लाठ्या घेतलेला जमाव जिना चढून आला आणि संध्याकाळच्या आत जागा सोडण्याचे त्यांना फर्मावण्यात आले. ते एका हिंदू स्नेह्याकडे गेले, एका ख्रिस्ती स्नेह्याकडे गेले; दोघांच्याही घरी अडचण निघाली. महाराजांकडे कळविले तर दिवाणांकडे बोट दाखवले गेले, आणि दिवाणांनी हात वर केले, असेही चरित्रांत आहे.

मुंबईची गाडी रात्री नऊला होती. पाच तास काढायचे होते. कोलंबियातून अर्थशास्त्राची पदवी घेऊन आलेला, या राज्याच्या खर्चाने शिकलेला, या राज्याचा अधिकारी म्हणून नेमलेला माणूस ते पाच तास काढायला कमाटी बागेत येऊन बसला. झाडाखाली बसले, असे सांगतात. आई-वडिलांची आठवण येत होती, हे त्यांनी स्वतः पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे. आठ वाजता ते उठले, सामान घेतले आणि स्टेशनवर गेले.

बडोद्याच्या आपल्या घरांतून महाराजांच्या गोष्टी सांगितल्या जातात तेव्हा आंबेडकरांना शिष्यवृत्ती दिल्याची गोष्ट हमखास येते. बागेतल्या पाच तासांची येत नाही. ती दारे बंद करणाऱ्यांत कोण कोण होते याची यादी करण्याचे आता कारण नाही. गाव म्हणजे तेव्हाचे सारे गाव, आपले वाडेही त्यात आले. सयाजीरावांचा हुकूम शाळा उघडू शकत होता, नळ आणू शकत होता, कचेरीत खुर्ची देऊ शकत होता. त्या दिवशी सबंध बडोद्यात ज्या जागेचे फाटक त्या माणसाला उघडे मिळाले ती ही सार्वजनिक बाग होती, आणि तेही आठ वाजेपर्यंत.

महाराजांना याची टोचणी लागली की नाही, हे कागदांवरून ठरविणे अवघड. पण १९१८ च्या मार्चमध्ये, म्हणजे त्यानंतर वर्ष व्हायच्या आत, विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत अखिल भारतीय अस्पृश्यतानिवारण परिषद भरविली तेव्हा तिचे अध्यक्षस्थान सयाजीरावांनी स्वीकारले. त्या काळी गादीवर बसलेल्या राजाने ते स्वीकारणे सोपे नव्हते.

१९३६ च्या आरंभी कारकीर्दीचा हीरकमहोत्सव झाला. त्या वेळी त्यांनी खेड्यांच्या सुधारणेसाठी एक कोटी रुपयांचा निधी काढला. कवळाण्याच्या मुलाला शेवटी खेडे आठवले. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. नातू प्रतापसिंहराव गादीवर आले आणि दहा वर्षांतच, १९४९ मध्ये, राज्य विलीन झाले. राजवाड्याच्या आवारात राजघराण्यातील मुलांसाठी एक छोटी आगगाडी घातलेली होती. तिचे रूळ पुढे कमाटी बागेत येऊन पडले, आणि आपल्यापैकी कित्येकांनी बापाचे बोट धरून तिचे तिकीट काढले आहे.

बागेतल्या त्या जागेस आता लोक संकल्पभूमी म्हणतात. दरवर्षी सप्टेंबरात महाराष्ट्रातून आणि दूरदूरच्या गावांतून माणसे कुटुंबकबिल्यासह येतात, फुले वाहतात, मुलांना पाच तासांची हकीकत सांगतात. मग मुले हट्ट धरतात आणि सगळी मिळून प्राण्यांच्या पिंजऱ्यांकडे जातात.